फर्नेस बदलली, पण आधी हिशोब केला

घर तापवणाऱ्या आमच्या जुन्या गॅस फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेला होता. असा तडा म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू घरात शिरण्याची शक्यता, त्यामुळे दुरुस्तीचा विषय तिथेच संपला.

पहिल्या कंत्राटदाराने जुन्या फर्नेसवरची पट्टी वाचली आणि "तेवढीच बसवू" म्हणाला. तासाला ८०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) इनपुट, ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे घराला प्रत्यक्ष मिळणार ६४,०००. पण मधल्या काळात आम्ही माळ्यावर इन्सुलेशन घातलं होतं, खिडक्या बदलल्या होत्या. त्याची दखल कोण घेणार? दुसऱ्याने भिंती, खिडक्या, गळती सगळं मोजून रीतसर हीट लोड, म्हणजे थंडीत घराला तासाला किती उष्णता लागते ते काढलं, तो आकडा ४०,००० च्या आतच आला. गरजेपेक्षा मोठी फर्नेस सारखी चालू-बंद होते. खोल्या एकसारख्या तापत नाहीत आणि सुटे भागही लवकर झिजतात.

शेवटी ९६ टक्के कार्यक्षमतेची, कमी-जास्त अशा दोन टप्प्यांत जळणारी ४०,००० ची घेतली. ही कंडेन्सिंग प्रकारची, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी, त्यामुळे धूर प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो आणि साचणाऱ्या आम्लयुक्त पाण्यासाठी वेगळा निचरा लागतो.

एक गोष्ट मात्र कोटेशनमध्ये नव्हती, मीच विचारून घातली. जुन्या फर्नेसचा आणि गॅस गीझरचा धूर एकाच धुराड्यातून जायचा; फर्नेस तिथून निघाली की एकटा गीझर उरतो. त्या रुंद धुराड्यात त्याचा धूर गार पडतो, नीट वर चढत नाही. म्हणून धुराड्याच्या आत अरुंद लायनर, म्हणजे आतला पाइप, टाकून घेतला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ आहेच.