‘समजलं का?’ विचारून थांबता? स्वतःचं शिकणं तपासायला शिकवताना या चुका टाळा

लातूर असो की हिंगोली, तास संपताना सर विचारतात, ‘समजलं का?’ आणि अख्खा वर्ग म्हणतो, ‘हो सर.’ पोरं खोटं बोलत नाहीत. फळ्यावर गणित सुटताना पाहिलं की आपल्यालाही सुटेल, असं खरंच वाटतं. म्हणून फळा पुसा, आकडे बदलून तेच गणित द्या आणि सोडवण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहायला लावा: जमेल की नाही. मग अंदाज आणि उत्तर ज्याचं त्याला ताडून पाहू द्या. चारचौघांत अंदाज वाचून दाखवायला लावलात, तर पुढच्या वेळी सगळेच ‘जमेल’ लिहितील.

‘अजून एकदा वाचून काढ’ हा सल्ला तर आधी बंद करा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. गाइडमधले आयएमपी प्रश्न घोकून परीक्षेला बसणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

चाचणीचे पेपर परत देताना एक कागद भरून घ्यायची पद्धत चांगली आहे: तयारी कशी केली, मार्क कुठे गेले, पुढच्या वेळी काय बदलणार. पण त्या कागदाला मार्क ठेवू नका, नाहीतर सरांना आवडेल तेच लिहिलं जातं. ‘खूप मेहनत घेणार’ असं उत्तर आलं तर कागद परत करा आणि विचारा, कोणत्या दिवशी, कोणता धडा, पुस्तक मिटून की उघडून? बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून बीएस्सीला आलेल्यांना हे इंग्रजीत लिहायला लावणं म्हणजे निव्वळ छळ. मराठीतच लिहू द्या.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हे कागद नॅकच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेला दाखवायच्या, फाइलला लावून मोकळं होणं. पुढच्या चाचणीच्या आठवडाभर आधी ते ज्याचे त्याला परत द्या. सेमिस्टर संपल्यावर दिलेत तर त्यांची रद्दीच होते.