एलएमडीबी 'जागा संपली' म्हणते तेव्हा

एलएमडीबी ही किल्ली (की) आणि मूल्य (व्हॅल्यू) अशा जोड्या फाइलीत ठेवणारी डेटाबेस लायब्ररी. तिच्यात एमडीबी_मॅप_फुल, म्हणजे उणे ३०७९२, ही त्रुटी दिसली की लगेच मॅप साइझ (डेटाबेसच्या आकाराची कमाल मर्यादा) वाढवू नका. पुष्कळदा डेटा फुगलेला नसतो, जुनी पानं (फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे) अडकलेली असतात.

आधी 'एमडीबी_स्टॅट -इ' ही डेटाबेसची आकडेवारी दाखवणारी कमांड चालवा. त्यातला वापरलेल्या पानांचा आकडा फसवा आहे. मोकळी झालेली पानंही त्यात धरलेली असतात. 'एमडीबी_स्टॅट -एफ'ने मोकळी पानं मोजून वजा करा. उत्तर '-इ'ने दाखवलेल्या कमाल पानांपेक्षा बरंच कमी आलं, तर बहुधा कुठेतरी रीड ट्रान्झॅक्शन (वाचनाचा व्यवहार, म्हणजेच एक 'वाचक') उघडं राहिलंय. एलएमडीबी पान जागच्या जागी बदलत नाही, नवी प्रत लिहिते. सर्वांत जुना वाचक बाहेर पडेपर्यंत, त्याच्यानंतर सुटलेली पानं पुन्हा हाती लागत नाहीत. 'एमडीबी_स्टॅट -आर'ने वाचकांची यादी मिळते. मेलेल्या प्रोसेसच्या नोंदी '-आरआर'ने पुसल्या जातात. जिवंत प्रोसेस अडवत असेल तर दुरुस्ती कोडमध्येच.

जागा खरंच कमी असेल तर हिशोब करा. डीफॉल्ट मॅप फक्त १०४८५७६० बाइटचा. समजा, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर रोज ५००० नोंदी होतात. की १६ बाइट, व्हॅल्यू २००, वर १० बाइट नोंदीचा खर्च. ४०९६ बाइटच्या पानात अशा १८ बसतात, म्हणजे वर्षाला साधारण ४१५ एमबी. की चढत्या क्रमाने नसतील तर पानं अर्धवट भरतात, आकडा दुपटीकडे जातो. लिनक्सवर सरळ ४ जीबी द्या: ६४ बिटवर हा फक्त अ‍ॅड्रेस स्पेस (प्रोसेसने राखलेले मेमरीचे पत्ते), डिस्क तेवढी लगेच खात नाही. जुन्या ३२ बिट बोर्डावर मात्र हा उदारपणा चालत नाही.

वाढवताना त्या प्रोसेसमधली सगळी ट्रान्झॅक्शन बंद करा, फसलेलं अ‍ॅबॉर्ट करा, मग एमडीबी_एन्व्ह_सेट_मॅपसाइझ बोलवा (आकार पानाच्या पटीत) आणि ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवा. दुसऱ्या प्रोसेसला एमडीबी_मॅप_रिसाइझ्ड मिळेल. तिथे हेच फंक्शन ० देऊन बोलवलं की नवा आकार उचलला जातो.

काठोकाठ भरल्यावर नोंदी पुसून जागा करू म्हणाल, तर पुसायलाही नवी पानं लागतात आणि तीच त्रुटी परत येते. थोडं वाढवा, मग पुसा. फाइल तरीही आकसत नाही. त्यासाठी लेखन थांबवून 'एमडीबी_कॉपी -सी'ने दुसऱ्या फोल्डरात प्रत काढा, सगळ्या प्रोसेस बंद करून फाइल बदला. लेखन चालू ठेवलंत तर त्या काळातल्या नोंदी प्रतीत येणार नाहीत, शिवाय कॉपी हाही एक लांबलेला वाचकच.