बायपासच्या आधी कोणी "आमच्या स्टडीत येता का?" विचारलं तर काय करायचं

अँजिओग्राफीचा रिपोर्ट आलाय, तीन ब्लॉकेज निघालेत, सर्जन बायपास म्हणालेत, घरात दोन दिवस कोणी धड जेवलेलं नाही, आणि त्यातच एक बाई फाईल घेऊन बेडपाशी येते आणि म्हणते आमच्याकडे एक स्टडी चालू आहे, काकांना त्यात घेता येईल का. ती बाई म्हणजे मी. सीव्हीटीएस डिपार्टमेंटला, म्हणजे हार्ट, रक्तवाहिन्या आणि छातीची ऑपरेशनं होतात तिथे, मी रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. मी विचारते तेव्हा लोक घाबरून लगेच नाही म्हणतात किंवा डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून न वाचता सही करतात, आणि दोन्ही बघून मला त्रास होतो. म्हणून माझ्याच घरचं कोणी अॅडमिट असतं तर मी काय केलं असतं ते लिहितेय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "म्हणजे बाबांवर प्रयोग करणार का?" याचं उत्तर द्यायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगते. १९५० च्या दशकात छातीत दुखणाऱ्या हार्ट पेशंटवर एक ऑपरेशन खूप व्हायचं, छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी आर्टरी बांधून टाकायची, कल्पना अशी की मग ते रक्त हार्टकडे वळेल. पेशंट बरं वाटलं म्हणायचे, सर्जन खूश. मग १९५९ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला लिओनार्ड कॉब नावाच्या डॉक्टरांनी १७ पेशंट घेतले, ८ जणांची आर्टरी खरंच बांधली आणि ९ जणांच्या नुसत्या कातडीला चीर दिली, कोणाला काय केलंय ते पेशंटला माहीत नव्हतं. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं! ते ऑपरेशन त्यानंतर बंदच पडलं. (आज पेशंटला न सांगता असं काही करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे.) आणि बघा, जी आर्टरी तेव्हा बांधून टाकायचे तीच आज बायपासमध्ये हार्टच्या मुख्य नळीला जोडतात, सर्जन तिला लिमा म्हणतात. नीट तपासल्याशिवाय ऑपरेशन चांगलं की वाईट ते कळत नाही, सर्जनलाही नाही, म्हणून स्टडी लागतात.

आता कामाचं. हा प्रयोग आहे की नाही ते कळायला सगळ्यात आधी हा एक प्रश्न विचारा: "यामुळे बाबांच्या ऑपरेशनमध्ये किंवा औषधात काही बदलणार आहे का?" उत्तर नाही असेल तर तो बहुतेक माहिती गोळा करायचा स्टडी असतो, रजिस्ट्री म्हणतात, त्यात तुमचे रिपोर्ट नाव काढून नोंदले जातात आणि नंतर फोन येतात, फार विचार करायची गरज नसते. उत्तर हो असेल तर ती ट्रायल आहे, मग पुढचं सगळं वाचा.

ट्रायलमध्ये बऱ्याचदा दोन पद्धतींपैकी तुम्हाला कुठली मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. लोकांना हेच सगळ्यात जास्त खटकतं, डॉक्टरांना कळत नाही का म्हणून. तर खरंच काही गोष्टी कळलेल्या नसतात. आपल्याकडे बीटिंग हार्ट बायपास, म्हणजे हार्ट न थांबवता केलेला, जास्त चांगला असं खूप लोक मानतात. कॉरोनरी नावाची एक मोठी ट्रायल झाली, १९ देश, ७९ हॉस्पिटलं, ४७५२ पेशंट, त्यात भारतातलेही होते, अर्ध्यांचा बायपास चालत्या हार्टवर आणि अर्ध्यांचा हार्ट-लंग मशीन (हार्ट आणि फुप्फुसाचं काम तेवढा वेळ करणारं यंत्र) लावून. २०१२ मध्ये पहिल्या महिन्याचा निकाल आला, मृत्यू, स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा डायलिसिस लागणं यातलं काहीतरी होण्याचं प्रमाण बीटिंग हार्टमध्ये ९.८ टक्के आणि मशीनवर १०.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. ५ वर्षांनीही मोठा फरक नाही. बीटिंग हार्टमध्ये रक्त कमी चढवावं लागलं, पण सुरुवातीच्या महिन्यात परत ब्लॉकेज उघडावं लागलेले थोडे जास्त होते. हे आधी कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

म्हणून सर्जनना सरळ विचारा, "सर, आमच्या बाबांना या दोन्हीपैकी कुठलंही मिळालं तरी तुम्हाला चालेल का?" ते मनापासून हो म्हणाले तर ठीक. पण समजा बाबांच्या महाधमनीत, म्हणजे हार्टमधून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत, कॅल्शियम खूप साचलंय आणि तिथे क्लॅम्प (चिमटा) लावला तर तुकडा सुटून मेंदूत जायची भीती आहे, तर त्या पेशंटसाठी सर्जनचं मत आधीच ठरलेलं असतं, मग त्याला चिठ्ठीत टाकूच नये. चांगला सर्जन स्वतःच सांगतो की यांना नको घेऊ.

मग कागद मागा. पेशंटची माहितीपत्रिका मराठीत असते, किंवा पेशंटला जी भाषा येते त्यात, ती हातात घ्या, घरी न्या, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. उद्या सकाळी ऑपरेशन आणि आज रात्री नऊला कोणी सही मागत असेल तर सांगा की आम्हाला वेळ हवा, आणि वेळ मिळत नसेल तर नाही म्हणा, त्याने ऑपरेशन थांबत नाही आणि थांबता कामा नये. महाधमनी फाटून रात्री इमर्जन्सीत आलेला पेशंट वेगळा, पण ठरवून केलेल्या बायपासला किंवा व्हॉल्व्हला एवढी घाई कशाला लागते?

कागदावर सीटीआरआय नंबर शोधा. ही आपल्या देशातली ट्रायलची सरकारी नोंदवही, २००७ मध्ये सुरू झाली. नंबरात आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी एक आकडा असतो. सीटीआरआयच्या वेबसाइटवर जाऊन तो टाका, मोबाईलवर पण उघडतं. तिथे बघायचं की तुमच्या हॉस्पिटलचं नाव यादीत आहे का, एथिक्स कमिटीची (स्टडीत पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, आणि मुख्य काय मोजणार आहेत ते आधीच लिहिलंय का. एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आधी लिहून ठेवलं नसेल तर नंतर जे चांगलं दिसेल तेच छापायचा मोह होतो. कागदावर एथिक्स कमिटीचा फोन नंबरही असतो, तो माझ्याविरुद्ध किंवा डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायलाच दिलेला असतो, तर खुशाल वापरा.

नवीन औषधाची ट्रायल असेल तर संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी दिसला की मावशींचा चेहराच उतरतो, अहो म्हणजे हे जाणार असं समजताय का तुम्ही? तसं नाहीये. २०१९ च्या ट्रायल नियमांत ट्रायलमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते, मृत्यू झाला तर ८ लाख हा आधार धरून वय आणि आजाराची गंभीरता बघून रक्कम काढतात, ती कोणाला द्यायची त्यासाठी नॉमिनी. एलआयसीच्या फॉर्मवर असतो तसाच.

पैशाचं स्पष्ट विचारा, लाजू नका. बायपास योजनेतून होतोय की इन्शुरन्समधून ते वेगळं, पण फक्त स्टडीसाठी जादा इको, सीटी किंवा रक्त तपासणी होणार असेल तर त्याचं बिल कोण भरणार, आणि बीडवरून किंवा कोकणातून फॉलोअपला यायचं तर गाडीभाडं मिळणार का. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते, "हार्टसाठी स्टेमसेल, नवीन ट्रीटमेंट आहे, एवढे लाख भरा" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइननुसार हार्टसाठी स्टेमसेल ही अजून प्रयोगातलीच गोष्ट आहे, ती मंजूर ट्रायलमध्येच करायची, आणि प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात.

सही पेशंटने स्वतः करायची, मुलाने बाबांच्या वतीने नाही, बाबा शुद्धीत आणि नीट असतील तर. वाचता येत नसेल तर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून सगळं वाचून दाखवावं लागतं. सही झाली की एक कॉपी तुमची, ती घेतल्याशिवाय मला जाऊ देऊ नका.

ऑपरेशननंतर खरं काम सुरू होतं, आणि आपल्याकडे स्टडी कच्चे राहतात ते इथेच. एक महिना, एक वर्ष, कधी पाच वर्षं फोन येतात, इको होते, सहा मिनिटं चालायला लावतात, जिना चढता येतो का, झोप लागते का असं विचारतात. काही वेळा कुठली पद्धत झाली ते नर्स मुद्दाम सांगत नाही. इंग्लंडमधल्या व्हायोलेट ट्रायलमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून की छाती उघडून ते पेशंटला लगेच कळू नये म्हणून सगळ्यांना सारखंच मोठं ड्रेसिंग लावलं होतं, कारण कळलं की माणूस त्याप्रमाणे दुखणं सांगायला लागतो. तर चिडू नका, इमर्जन्सीत ती माहिती लगेच उघड करता येते.

गावी असताना दुसऱ्या हॉस्पिटलला अॅडमिट व्हावं लागलं, कारण काहीही असो, अगदी टायफॉइड असला तरी, आधी कोऑर्डिनेटरला फोन करा. अॅडमिट होणं ही ट्रायलमध्ये गंभीर घटना धरतात, औषधाच्या ट्रायलमध्ये डॉक्टरांना ती २४ तासात वर कळवावी लागते. आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडा, कारण द्यायची गरज नाही, उपचार तसेच चालू राहतात. फक्त "सोडतोय" असं सांगून सोडा, फोन उचलणं बंद करू नका, कारण मग ते पेशंट बरे आहेत की गेलेत हेच आम्हाला कळत नाही आणि शंभरातले दहा-पंधरा असे गायब झाले की बाकीच्यांनी वर्षानुवर्षं दिलेल्या वेळेवरही भरवसा ठेवता येत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी संमतीपत्राची कॉपी, डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओची सीडी एकाच फाईलमध्ये घाला, आणि कोऑर्डिनेटरचा नंबर बाबांच्याच नाही तर घरातल्या अजून दोघांच्या फोनमध्ये "हार्ट स्टडी" या नावाने सेव्ह करा, म्हणजे वर्षभराने दुपारी सुनेने फोन उचलला तरी तिला कळेल की कोण बोलतंय आणि कशासाठी.