दृष्टिबाधित व्यक्तींना लिफ्टचा टचस्क्रीन स्वतंत्रपणे वापरता यावा यासाठी काय करावे

लिफ्टमधील उठावदार बटणे काढून त्या जागी काचेचा सपाट टचस्क्रीन बसवला, तर डोळस व्यक्तीला त्याची एक-दोन दिवसांत सवय होते. दृष्टिबाधित व्यक्तीचा त्या इमारतीतला स्वतंत्र वावर मात्र त्याच दिवशी थांबू शकतो. गुळगुळीत काचेवर पाचवा मजला कुठे आहे हे बोटाला समजत नाही, आणि तो शोधण्यासाठी बोट फिरवले तर वाटेत लागलेल्या प्रत्येक मजल्याची नोंद होत जाते. मग शेजारी कोणी येईपर्यंत थांबायचे आणि आपल्याला कोणत्या मजल्यावर जायचे आहे हे अनोळखी माणसाला सांगायचे, एवढाच मार्ग उरतो. तो कोणावरही लादला जाऊ नये, आणि योग्य नियोजन केले तर लादावाही लागत नाही. पुढील सूचना इमारतीचे व्यवस्थापन, वास्तुरचनाकार आणि लिफ्ट बसवणारे कंत्राटदार यांच्यासाठी आहेत.

या सर्व सूचनांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे: शोधणे आणि निवडणे या दोन क्रिया वेगळ्या राहिल्या पाहिजेत. साध्या बटणात ही सोय मुळातच असते. बोट त्यावरून फिरले, अंक चाचपले, तरी पुरेसा दाब दिल्याशिवाय काहीही घडत नाही. म्हणूनच लिफ्टच्या सुगम्यतेविषयीचे युरोपीय मानक, ईएन ८१-७०, बटण दाबण्यासाठी लागणारे बल साधारण २.५ ते ५ न्यूटन असावे असे सांगते. बळ कमी असलेल्या हातालाही ते जमते आणि नुसत्या स्पर्शाने बटण चालू होत नाही. टचस्क्रीनला असा कोणताही दाब लागत नाही, त्यामुळे तेथे हा फरक आपल्याला मुद्दाम निर्माण करावा लागतो. कोणताही उपाय सुचवला गेला की तो या कसोटीवर तपासून पाहावा.

आधी आपली प्रणाली कोणती आहे ते पाहा

काही लिफ्टमध्ये फक्त आतले बटणांचे पॅनेल बदलून टचस्क्रीन बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात टचस्क्रीन बाहेर लॉबीत असतो: तेथेच मजला निवडायचा, मग प्रणाली कोणत्या लिफ्टने जायचे ते एका अक्षराने सांगते, आणि लिफ्टच्या आत मजल्यांची बटणे नसतातच. हा दुसरा प्रकार दृष्टिबाधित व्यक्तीसाठी अधिक अवघड आहे, कारण येथे स्क्रीन शोधणे, मजला निवडणे, मिळालेले अक्षर समजणे, अनेक दरवाजांतून नेमका दरवाजा गाठणे आणि योग्य मजल्यावर उतरणे अशी पायऱ्यांची साखळी आहे. चुकीच्या लिफ्टमध्ये पाऊल पडले, तर आत गेल्यावर चूक दुरुस्त करण्याचे साधन हाताशी नसते. त्यामुळे पाहणी करताना फक्त स्क्रीनकडे न पाहता इमारतीच्या प्रवेशद्वारापासून इच्छित मजल्यावर उतरेपर्यंतचा संपूर्ण प्रवास तपासावा.

शक्य असेल तेथे खरी बटणे ठेवा

माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे टचस्क्रीनच्या जोडीला, त्याच्या लगत, हाताला जाणवणारी खरी बटणे बसवणे. नवीन लिफ्ट घेताना किंवा जुन्या लिफ्टचे आधुनिकीकरण करताना ही मागणी निविदेतच लिहावी. नंतर भिंत आणि पॅनेल पुन्हा उघडून हे काम करणे फार त्रासाचे ठरते.

लॉबीतील प्रणालीसाठी टेलिफोनसारखी बारा बटणांची मांडणी उत्तम, कारण ती बहुतेकांच्या बोटांना आधीच परिचित असते. पाचच्या बटणावर एक उठावदार ठिपका असावा. तो सापडला की बाकीचे अंक आपोआप सापडतात. अमेरिकेतील अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या (एडीए) मानकांतही अशा मांडणीसाठी हीच अपेक्षा आहे. लिफ्टच्या आत प्रत्येक मजल्याला स्वतंत्र बटण असेल, तर त्याची सर्वांत लहान बाजूही किमान १९ मिलिमीटर असावी, अंक पृष्ठभागापासून किमान ०.८ मिलिमीटर वर उठलेला असावा, आणि ब्रेल लिपीतील खूण बटणाच्या लगत डावीकडे असावी. ब्रेल आणि उठावदार अंक ही दोन्ही लागतात. प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, पण लहानपणी गिरवलेले अंक त्यांची बोटे ओळखतात. ब्रेलमध्ये अंकापूर्वी अंकचिन्ह द्यावे लागते, ते सोडून दिले तर १ हा अंक अक्षर म्हणून वाचला जातो. म्हणून पाट्या तयार झाल्यावर, त्या बसवण्यापूर्वी, ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्याव्यात. बाहेर पडण्याच्या मुख्य मजल्याचे बटण इतरांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर पुढे आलेले असावे, ही ईएन ८१-७० मधील तरतूद छोटी दिसली तरी फार उपयोगाची आहे.

काचेवर ब्रेलची पारदर्शक पट्टी चिकटवून काम भागवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. पट्टी वाचण्यासाठी बोट टेकवले की त्याच क्षणी मजल्याची नोंद होते, आणि स्क्रीनवरील मांडणी बदलली की पट्टीवरचा अंक आणि त्याखालचा मजला यांचा मेळच राहत नाही. अशी पट्टी लावलेली लिफ्ट कागदोपत्री सुगम्य ठरते, पण प्रत्यक्षात वापरणाऱ्याला चकवते.

स्क्रीन बोलता कसा करावा

खरी बटणे बसवणे शक्यच नसेल, तर स्क्रीनमध्ये आवाजी मार्गदर्शनाची स्वतंत्र पद्धत हवी, आणि ती सुरू करणारे एक तरी भौतिक बटण हवे. स्क्रीनच्या कोपऱ्यातले एखादे चित्र दाबून ही पद्धत सुरू करायची असेल, तर तिचा हेतूच फसतो, कारण ते चित्र शोधणार कसे? हे बटण स्क्रीनच्या खालच्या कडेला, मध्यभागी, इमारतीतील प्रत्येक स्क्रीनवर अगदी त्याच जागी असावे, आणि त्यावर उठावदार खूण असावी.

आवाजी पद्धतीत मजला निवडण्याचे काही प्रकार प्रचलित आहेत. सर्वांत सोप्या प्रकारात प्रणाली एकेक मजला क्रमाने उच्चारते आणि हवा तो मजला ऐकू आला की तेच भौतिक बटण पुन्हा दाबायचे. शिकायला काहीच लागत नाही, म्हणून कमी मजल्यांच्या इमारतीत हा प्रकार चांगला. तीस मजल्यांच्या इमारतीत मात्र सत्ताविसाव्या मजल्याची वाट पाहणे असह्य होते, आणि तो क्षण हुकला तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागते. दुसरा प्रकार मोबाइलमधील स्क्रीन रीडरवरून, म्हणजे स्क्रीनवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवरून, घेतलेला आहे. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला, तेव्हापासून लाखो दृष्टिबाधित व्यक्ती सपाट काच सहजपणे वापरत आहेत: बोट सरकवले की त्याखाली काय आहे ते ऐकू येते, पण निवड होते ती दोनदा टकटक केल्यावरच. शोधणे आणि निवडणे यांची फारकत येथे अचूक साधलेली आहे. ज्यांनी असा फोन कधी वापरलेला नाही त्यांच्यासाठी पद्धत सुरू होताच एका वाक्यात सूचना ऐकू यावी, आणि दोनदा टकटक करणे जमत नसेल तर भौतिक बटण दाबूनही निवड पक्की करता यावी.

कोणताही प्रकार घेतला तरी आवाजी पद्धतीत वेळेची मर्यादा सैल करावी. लॉबीतील प्रणाली पहिला अंक दाबल्यानंतर दुसऱ्याची थोडाच वेळ वाट पाहते. बारावा मजला हवा असलेल्या व्यक्तीचे बोट २ शोधत असतानाच पहिल्या मजल्याची नोंद होऊन जाते. म्हणून येथे पुष्टीचे बटण दाबेपर्यंत थांबणे श्रेयस्कर. निवड झाल्यावर प्रणालीने मजला उच्चारावा, आणि रद्द करून पुन्हा निवडण्याची सोय द्यावी. स्क्रीन काही वेळाने जाहिरात दाखवणार असेल किंवा मंद होणार असेल, तर आवाजी पद्धत चालू असताना हे दोन्ही थांबले पाहिजे.

बोलून मजला सांगण्याची सोय आणि मोबाइलवरील अ‍ॅप ही दोन्ही पूरक साधने म्हणून स्वागतार्ह आहेत, पण त्यांवरच विसंबू नये. गर्दीच्या लॉबीत यंत्राला शब्द नीट ऐकू येत नाहीत, काहींना स्पष्ट बोलता येत नाही, आणि पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याकडे तुमच्या इमारतीचे अ‍ॅप नसते. क्यूआर कोड तर भिंतीवर कुठे लावला आहे हेच दृष्टिहीन व्यक्तीला कळत नाही.

अल्पदृष्टी असलेल्यांचा विचार

दृष्टिबाधित म्हणजे पूर्ण अंध असे गृहीत धरू नये. अनेकांना थोडे दिसते आणि ते त्या थोड्याचाच आधार घेतात. त्यांच्यासाठी अंक मोठे व ठळक असावेत, आणि पार्श्वभूमीशी त्यांचा उजेड-अंधाराचा विरोध (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावा, वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांतील हे प्रमाण येथेही उपयोगी पडते. गडद काचेवर करड्या रंगाचे नाजूक अंक दिसायला देखणे वाटतात, पण वाचता येत नाहीत. निवडलेला मजला केवळ रंग बदलून दाखवू नये. स्क्रीनसमोरचा दिवा किंवा खिडकी काचेत परावर्तित होत असेल, तर चकाकीरोधक काच वापरावी किंवा दिव्याची जागा बदलावी.

योग्य लिफ्टपर्यंत पोहोचवणे

लॉबीतील प्रणालीत नेमून दिलेली लिफ्ट ऐकवताना नुसते अक्षर पुरत नाही. बी, सी, डी, ई, पी ही अक्षरे गोंगाटात एकसारखीच ऐकू येतात. म्हणून लिफ्टना अक्षरे देतानाच उच्चाराने एकमेकांपासून दूर असलेली अक्षरे निवडावीत. त्यापुढे दिशाही सांगावी: "लिफ्ट एफ, तुमच्या मागे, उजवीकडून दुसरी." स्क्रीनकडे तोंड करून उभ्या असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही दिशा असावी, आणि प्रत्येक स्क्रीनसाठी ती वेगळी नोंदवावी लागते, हे कंत्राटदाराला स्पष्टपणे सांगावे.

लिफ्ट आली की तिने स्वतःचे अक्षर स्वतःच्या दरवाजाजवळूनच उच्चारावे. लॉबीच्या छतातील एकाच ध्वनिवर्धकातून आवाज आला तर दिशेचा बोध होत नाही. दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींवर मजल्याचा अंक आणि त्याखाली लिफ्टचे अक्षर, सुमारे ५१ मिलिमीटर उंचीचे, उठावदार आणि ब्रेलसह असावे. ज्यांना दृष्टीबरोबर श्रवणाचीही अडचण आहे त्यांच्यासाठी खात्री करून घेण्याचा हाच एक मार्ग असतो.

दरवाजा किती वेळ उघडा राहावा याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. एडीए मानकांतील साधे सूत्र असे आहे: बोलावण्याच्या जागेपासून दरवाजापर्यंतचे अंतर भागिले सेकंदाला ४५५ मिलिमीटर, आणि उत्तर काहीही आले तरी किमान ५ सेकंद. हा वेळ लिफ्ट आल्याची सूचना मिळाल्यापासून मोजायचा. स्क्रीनपासून सर्वांत दूरची लिफ्ट ७ मीटरवर असेल, तर सुमारे साडेपंधरा सेकंद लागतात. प्रत्येक फेरीत इतके थांबणे गर्दीच्या वेळी परवडत नाही हे खरे, पण आवाजी पद्धतीने बोलावलेल्या फेरीपुरता हा वेळ वाढवणे शक्य आहे, आणि त्याच वेळी प्रणालीने शक्य तितकी जवळची लिफ्ट नेमून द्यावी.

लिफ्टच्या आत

आत मजल्यांची बटणे नसतील तर प्रत्येक थांब्याची घोषणा अनिवार्य समजावी, कारण आपण कुठे आहोत हे कळण्याचा दुसरा उपाय उरत नाही. आवाज परिसराच्या गोंगाटापेक्षा किमान १० डेसिबल अधिक, पण ८० डेसिबलच्या आत असावा. घोषणा दरवाजा उघडण्यापूर्वी व्हावी आणि तिच्यावर पार्श्वसंगीत चढू नये.

दरवाजा उघडण्याचे, बंद करण्याचे आणि धोक्याच्या सूचनेचे बटण कोणत्याही परिस्थितीत टचस्क्रीनवर नेऊ नये. वीज गेली, स्क्रीन गोठला किंवा धूर भरला, तर काचेवरील चित्र कोणाच्याच कामाचे नाही. ही बटणे भौतिक, उठावदार खुणांची आणि पॅनेलच्या तळाशी एकत्र असावीत. मदतीची हाक लागल्यावर "संपर्क जुळला आहे" असे ऐकूही यावे आणि दिसावेही. लिफ्ट बंद असल्याची सूचनाही फक्त स्क्रीनवर न झळकता बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीला ऐकू आली पाहिजे.

चाचणी आणि देखभाल

डोळे मिटून स्वतः स्क्रीन वापरून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण तुम्हाला मांडणी आधीच पाठ असते. पूर्ण अंध, उशिरा दृष्टी गेलेली, अल्पदृष्टी असलेली, ऐकायला कमी येणारी अशा निरनिराळ्या व्यक्तींना, त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला देऊन, बोलवावे. त्यांना कोणतीही पूर्वसूचना न देता प्रवेशद्वारापासून ठरावीक मजल्यावर जायला सांगावे आणि मध्ये मदत न करता फक्त नोंदी कराव्यात: बोट कुठे अडखळले, कोणती सूचना पुन्हा ऐकावी लागली, दरवाजा किती लवकर मिटला. ही चाचणी शांत वेळी आणि ऐन गर्दीत, अशी दोनदा व्हावी.

बसवलेली सोय टिकवणे हे बसवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. अनेकदा रात्री आवाज येतो अशी तक्रार होते आणि कोणीतरी घोषणा पूर्ण बंद करून टाकते. ती पुन्हा सुरू करायची राहूनच जाते. त्याऐवजी परिसराच्या गोंगाटानुसार आपोआप कमी-जास्त होणारा आवाज ठेवावा, आणि तो शून्यावर नेण्याची सोय देखभाल करणाऱ्यांकडेही असू नये. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर स्क्रीनची मांडणी, दरवाजाचा वेळ आणि दिशेच्या सूचना मूळ स्थितीत परत जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक अद्ययावतीनंतर आवाजी पद्धतीने किमान एक फेरी पूर्ण करून पाहावी. देखभालीच्या करारात ही तपासणी नावानिशी लिहावी आणि आवाजी मार्गदर्शनातील बिघाड हा लिफ्ट बंद पडण्याच्या तोडीचा बिघाड मानून त्याच मुदतीत दुरुस्त करण्याची अट घालावी.