कट्ट आवाजाच्या आधीचं शिकवणं: कायरोप्रॅक्टिकच्या मुलांना डायग्नोसिस कसं शिकवाल

रील्स बघून आलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकायची असते, मान फिरवून तो कट्ट आवाज काढायचा. त्यांचा दोष नाही, बाहेर विकलं जातंय तेच. पण तुम्ही मुंबईत कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून उपचार शिकणाऱ्या, किंवा तशीच मॅन्युअल थेरपी शिकणाऱ्या फिजिओच्या मुलांना क्लिनिकमध्ये घेऊन बसणार असाल तर सुरुवातीचे काही आठवडे पेशंटला अ‍ॅडजस्टमेंट (म्हणजे सांध्याला हाताने झटका) द्यायला सरळ बंदी घाला, कुरकुर करतील, करू दे. आवाजाचं एकदाच सांगून टाका की तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा असतो, आणि नाही आला तरी पेशंटला बरं वाटू शकतं. मग मूळ प्रश्नाकडे या: समोरच्या माणसाला हात लावायचा की नाही?

याची सुरुवात ऐकण्यापासून होते आणि इथेच इंग्लिशमध्ये शिकलेली मुलं अडकतात. पुस्तकात रेडिएटिंग पेन असतं, पेशंट म्हणतो कळ मारते, चमक निघते, उसण भरली, पाय जड झालाय, मुंग्या येतात, आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे "मणक्यात गॅप आहे". मुलांना सांगा, केस पेपरवर आधी पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, मेडिकल भाषांतर त्याच्या खाली. आणि लगेच विचारायचं, पाय जड म्हणजे नेमकं काय, दुखतो म्हणून उचलवत नाही की ताकदच लागत नाही? या दोन उत्तरांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. पेशंट गॅप म्हणाला की मान डोलवून पुढे जायचं नाही, कुणी सांगितलं, कशावरून सांगितलं, ते विचारायचं. गावाकडे पायाळू माणसाची लाथ खाऊन आलेले काकाही भेटतात, त्यांना हसायचं नाही, लाथेनंतर दुखणं वाढलं का एवढं विचारायचं.

धोक्याच्या खुणा म्हणजे रेड फ्लॅग्ज, यादी सगळ्यांना पाठ असते, विचारता कुणाला येत नाही. कॉडा इक्वायनाचं घ्या, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला जाणं. वीस वर्षांचा मुलगा मावशींना विचारणार कसं? म्हणून वाक्यं घोकून घ्या, अक्षरशः जोड्या लावून मोठ्याने बोलायला लावा: "लघवीला बसल्यावर सुरू व्हायला वेळ लागतो का? झालेली कळत नाही असं होतं का? सायकलच्या सीटवर बसतो त्या भागात बधिरपणा वाटतो का?" यातलं एक जरी हो आलं, किंवा दोन्ही पायांत कळ वा कमजोरी असेल, तर पेशंट त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेला पाहिजे, केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल ते, उद्याची अपॉइंटमेंट वगैरे नाही.

दुसरं टीबी. परदेशी पुस्तकांत मणक्याच्या टीबीला दोन ओळी मिळतात, मुंबईत तेवढ्यावर भागत नाही. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरलेलं, आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, एकाच मणक्यावर हलकं ठोकलं की पेशंट दचकतो. "घरात टीबी आहे का" असं विचारलं की बरेच जण नाहीच म्हणतात, लाज वाटते, लग्नाची मुलगी असते घरात. "घरात कुणी सहा-सहा महिने रोज गोळ्या घेतल्या होत्या का" असं विचारा, उत्तर बदलतं. अशा मणक्यावर थ्रस्ट, म्हणजे तो झटका, देणं म्हणजे काय होऊ शकतं हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. कॅन्सरची हिस्टरी, बरीच वर्षं स्टेरॉइड्स, उतारवयात साधं घसरून पडल्यावरची पाठदुखी, यांनाही तोच नियम, थ्रस्ट नाही. आणि पट्ट्यासारखं एका बाजूला जळजळतंय म्हणाले तर शर्ट वर करून बघा, पुरळ नसेल तरी दोन-तीन दिवसांनी नागीण उठू शकते.

मानेच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. अचानक आलेलं, आधी कधीच न झालेलं मानेचं किंवा डोक्याचं दुखणं, सोबत चक्कर, दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, तोल जाणं, यातलं काही असेल तर मानेला हात लावायचा नाही, रक्तवाहिनी फाटण्याची शंका धरून पाठवायचं. हातातून वस्तू पडतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चाल बिघडली, तर हॉफमन (हाताच्या बोटाची) आणि बॅबिन्स्की (तळपायाची) या रिफ्लेक्स टेस्ट केल्याशिवाय पुढे जायचं नाही, मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो.

आता टेस्ट्स. मुलांची सवय म्हणजे टेस्ट आधी, विचार नंतर, दहा टेस्ट करून शेवटी "सर, सगळं पॉझिटिव्ह आहे". नियम करा की तपासायच्या आधी कागदावर दोन शक्यता लिहायच्या आणि कुठली टेस्ट कशी आली तर कुठली शक्यता खोडणार तेही लिहायचं. एसएलआर (झोपवून पाय सरळ उचलायची टेस्ट) पॉझिटिव्ह म्हणजे डिस्कच, म्हणजे मणक्यांमधली गादीच, असं नाही, पण न दुखणारा पाय उचलून दुखऱ्या पायात कळ आली तर त्याला वजन जास्त. कमरेतल्या एल-५ नसेसाठी पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगा, एस-१ नसेसाठी एका पायावर टाचा उचलायला लावा, दोन्ही बाजू कम्पेअर करा. पंचविशीतला मुलगा, तीन महिन्यांपेक्षा जास्त कंबरदुखी, सकाळी अर्धा तास अंग आखडलेलं, चालून बरं पण झोपून वाईट, असा असेल तर त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो, स्ट्रेचिंगचा तक्ता देऊन घरी पाठवू नका.

एमआरआय बघून निदान करायची हौस मोडायला एकच आकडा पुरतो. २०१५ साली छापलेल्या एका मोठ्या आढाव्यात काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या डिस्कमध्ये झीज दिसली, ऐंशीच्या वयात ९६ टक्के. म्हणजे रिपोर्टातलं प्रत्येक वाक्य पेशंटला वाचून दाखवलं की तो घाबरून महिनाभर वाकणार नाही. धोक्याच्या खुणा नसतील तर पहिले सहा आठवडे सहसा फोटोची गरज नसते.

मॅनेजमेंट शिकवताना पेशंटचा दिवस विचारायला लावा. विरारहून चर्चगेटला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून जाणाऱ्याला "पोश्चर सांभाळा" सांगून काय उपयोग? त्याला सांगा, अधूनमधून उभा राहा, बॅग दोन्ही खांद्यांवर घे. पहाटे पाणी भरणाऱ्या ताईंना बेड रेस्ट लिहून दिली तर त्या नुसतं हसतील, हंडा अर्धा भरा आणि फेऱ्या वाढवा हे ऐकतील. घरच्या एक्सरसाइज दोनच द्या, चाळीत जमिनीवर हातपाय पसरायला जागा आहे का विचारून. आणि पहिल्याच दिवशी पेशंटच्याच कामातलं एक माप ठरवा, दादरचा ब्रिज न थांबता चढणं चालेल, दोन आठवड्यांनी तेच तपासा. फरक नसेल तर सिटिंग्ज वाढवायच्या नाहीत, निदान परत उघडायचं. वीस सिटिंग्जचं पॅकेज आधीच विकलेलं असेल तर हे अवघड जातं, म्हणून पॅकेज विकूच नका, किमान शिकवण्याच्या क्लिनिकमध्ये तरी.

रेफरल लेटर मुलांकडूनच लिहून घ्या. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी कौन्सिल नाही, त्यामुळे पलीकडचा डॉक्टर आधीच साशंक असतो, त्याला "सब्लक्सेशन" (मणका जागचा सरकलाय यासाठीचा कायरोप्रॅक्टिकचा शब्द) लिहून पाठवलंत तर चिठ्ठी बाजूला पडते. वय, किती दिवस दुखतंय, काय सापडलं, कसली शंका आहे, किती घाईचं आहे, एवढं पाच ओळींत. आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला फोन करून तो खरंच गेला का हे विचारायचं काम त्याच विद्यार्थ्याचं, रिसेप्शनिस्टचं नाही.