टोंगळा दाखवायला नागपूरला निघताना

आमच्याकडे विदर्भात गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि टोंगळे कुरकुरायला लागले की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘एकदा नागपूरला दाखवून आणू.’ यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर, पलीकडून छिंदवाडा-बालाघाटचीही माणसं पहाटेची गाडी धरून येतात. धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात दोन-तीन तास बाकड्यावर काढतात आणि डॉक्टरांसमोर मिळतात ती जेमतेम दहा मिनिटं. पहिल्या खेपेला त्या दहा मिनिटांत आमच्या आईने काय सांगितलं असेल? ‘आता बरं वाटते जी.’ आदल्या रात्री हीच बाई कूस बदलताना कण्हत होती. तेव्हापासून मी तयारी करतो ती कागद-गोळ्यांची कमी आणि दुखण्याचा हिशेब मांडण्याची जास्त.

हिशेब चार दिवस आधीपासून एखाद्या जुन्या वहीत लिहायला घ्या. पहिलं, दुखतं नेमकं कुठे, ते एका बोटाने दाखवायला सांगा. ‘पूर्ण पाय’ हे उत्तर चालणार नाही. कमरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागून गुडघ्याखाली उतरते का, पावलात मुंग्या येतात का, कोणत्या बोटापर्यंत येतात, हे लिहा. मणक्यातली कोणती नस दबली असावी याचा अंदाज डॉक्टर यावरून बांधतात. उलटंही होतं. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, आणि माणूस वर्षभर टोंगळ्यालाच तेल चोळत बसतो. म्हणून जांघेत दुखतं का, चप्पल घालायला किंवा पायाची नखं कापायला वाकताना अडतं का, हे वेगळं विचारून ठेवा.

मग वेळ. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, ते किती वेळात मोकळे होतात, हे घड्याळ लावून पाहा. पाच-दहा मिनिटांत सुटत असतील तर बहुधा झीज असते. अर्धा-पाऊण तास बोटं वळत नसतील, मनगटं सुजत असतील आणि हालचालीने उलट बरं वाटत असेल, तर आमवातासारखा आजार शोधावा लागतो. त्याची औषधं आणि डॉक्टर दोन्ही वेगळे. चालताना पाय भरून येत असतील तर आणखी एक गोष्ट बघा. नुसतं उभं राहिल्याने दोन मिनिटांत थांबतं, की खाली बसावं, वाकावं लागतं? नुसतं थांबून बरं वाटत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांकडे लक्ष जातं, विशेषतः बिडी-सिगारेटवाल्याच्या. बसल्या-वाकल्यावरच सुटका होत असेल आणि सायकल मात्र आरामात चालवता येत असेल, तर मणक्यातली जागा अरुंद झाल्याची शंका घेतात.

‘दहापैकी किती दुखतं?’ या प्रश्नाला आमच्या पिढीच्या आयांकडे उत्तर नसतं. त्याऐवजी काय बंद पडलं ते लिहा. मांडी घालून जेवता येत नाही. संडासात उठताना नळाला धरावं लागतं. दिवाळीत सीताबर्डीच्या बाजारात तासभर फिरत होती, आता दुसऱ्या दुकानातच स्टूल मागते. जिना चढताना दुखतं की उतरताना, तेही लिहा. मोबाइलवर चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, समोरून आणि मागून. दवाखान्यात शिरताना माणसं कशी कोण जाणे, पण सरळ चालतात.

आतापर्यंत काय काय करून झालं तेही लपवू नका. मालिशवाला, पट्टा, कुणीतरी मान मोडून दिली, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, सगळं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे गावातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या. पहिल्या दिवसापासून जादूसारखा गुण येणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचं हाडही निकामी होऊ शकतं. शिवाय बरेच दिवस घेतल्यावर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी सोबत न्या, लाज नको. दुकानातून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटंही न्या. किडनी, पोटातला अल्सर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी या गोष्टी डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा.

आपल्या भागातल्या तीन गोष्टी वहीत वेगळ्या लिहाव्यात. घरात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का? पूर्व विदर्भात तो बऱ्याच कुटुंबांत आहे, आणि अशा तरुण माणसाचा खुबा दुखत असेल तर हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता असते. सुरुवातीला ती एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. सिकलसेलचं कार्ड असेल तर न्या. दुसरं, पाणी कुठलं पिता? यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की पाठ आणि सांधे लाकडासारखे आखडतात. तिसरं, पाठदुखीसोबत बारीक ताप, घटलेलं वजन, घरात पूर्वी टीबी. मणक्याचाही टीबी होतो.

एवढी वही लिहीत बसायला वेळ नसतो अशीही दुखणी आहेत. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटते आणि पत्ता नाही. एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप. एकाच पायाची पोटरी सुजून दुखते. म्हातारं माणूस पडलं आणि उभं राहता येत नाही. यात अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. ‘सोमवारी जाऊ’ म्हणायची ही वेळ नव्हे.

कागदांचं थोडक्यात: जुने एक्स-रे आणि एमआरआय यांच्या फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि खिडकीला लावून काढलेला व्हॉट्सॲपचा फोटो तर नकोच. तारखेने लावा, सर्वात नवा वर. पण जाण्याआधी स्वतःच्या मनाने एमआरआय करून घेऊ नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन तपासले होते. मणक्यातल्या गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत सापडली. रिपोर्टात ‘गादी सरकली’ वाचून निम्म्या घराचा धीर सुटतो. ती सरकलेली गादीच दुखते आहे का, हे तपासणारा हातच सांगू शकतो. गुडघ्याचा एक्स-रे मात्र सांगितला तर उभं राहून काढतात का, ते विचारा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर एमआरआयवाल्यांना आधी सांगा.

कुठे जायचं हा खिशाचा प्रश्न आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत ओपीडी सकाळी असते आणि युनिटांचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटांचे, वार ठरलेले असतात, त्यामुळे पहिल्या कागदावरचा वार पाहून तेव्हाच परत जा, नाहीतर दुसऱ्याच डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. एम्स वर्धा रोडला मिहानमध्ये आहे, तिथली वेळ ऑनलाइन घेता येते. ऑपरेशनची भाषा सुरू झाली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे दवाखान्यात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा. रेशन कार्ड आणि आधार लागतं. योजनेचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक दवाखाना त्यात नसतो. खासगीत गुडघा बदलायचा असेल तर इम्प्लांटचं, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचं, नाव, कंपनी आणि किंमत बिलात वेगळी मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, त्यामुळे ‘पॅकेज’ या एका शब्दावर समाधान मानू नका.

कपडे सैल हवेत, पायजमा गुडघ्याच्या वर सरकणारा. रोजच्या वापरातली चप्पलच घाला. तळवा कुठे घासला आहे हे पाहण्यासारखं असतं. सकाळी बाम-तेल फासून जाऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका, उपाशीही जाऊ नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा सकाळचाच नंबर लावा, पाणी आणि दुपट्टा घ्या. वर्धा रोडवर एम्सकडे जाताना मेट्रो बरी, स्टेशनांवर लिफ्ट आहे. धंतोलीत मात्र गाडी लावायला जागा शोधण्यात नंबर जातो, ऑटोने जा.

वहीच्या शेवटच्या पानावर चार प्रश्न लिहा. हे झिजल्याचं आहे की सुजेचं? सहा महिने ऑपरेशन केलं नाही तर काय बिघडेल? गोळी किती दिवस? व्यायाम कोणता? व्यायामाचा छापील कागद मिळाला तरी फिजिओथेरपिस्टकडून एकदा करवून घ्या आणि त्याचा व्हिडिओ काढा, कारण कागदावरची ती आडवी झोपलेली आकृती आमच्या आईला आजवर कळलेली नाही. आणि डॉक्टरांनी ‘आता कसं आहे?’ विचारलं की आईकडे बघू नका, वही उघडा.