एका टर्नमध्ये नेमके किती मावते? नव्या डीएमसाठी काही अनुभव

मालवणात आमच्या घराच्या पडवीत आम्ही सहा जण गेली चार वर्षे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, आपापले पात्र रंगवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळत आहोत आणि डीएमची, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या व निकाल देणाऱ्या सूत्रधाराची, जबाबदारी पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. खेळ रंगतो तो जून-जुलैत, कारण मासेमारीबंदीमुळे आमच्यातले ट्रॉलरवर जाणारे दोघे तेव्हा घरी असतात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर इंचाइंचाचे चौकोन आखलेले असतात, एक चौकोन म्हणजे 5 फूट, आणि शत्रू म्हणून काजूच्या बिया मांडलेल्या असतात. आम्ही 2014 ची पाचवी आवृत्ती वापरतो, त्यामुळे पुढचे नियम त्या आवृत्तीतले आहेत.

माझ्या पहिल्याच मोठ्या लढाईत एका गलबतावर झटापट चालली होती. ट्रॉलरवरच्या मित्राची पाळी आली आणि तो एका दमात म्हणाला, “मी धावतंय, दोराक धरून झोको घेतंय, तांडेलाक लाथ घालून दर्यात पाडतंय आणि तेच्या कमरेची चावी काढून घेतंय.” मी गांगरलो आणि प्रत्येक क्रियापदाला एक फासा लावला: ओल्या फळ्यांवर धावण्यासाठी एक, दोर पकडण्यासाठी दुसरा, झोक्यासाठी तिसरा आणि लाथेसाठी चौथा. दुसऱ्याच फाशाला तो चुकला, मी त्याचा टर्न (पाळी) संपल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर रात्री उशिरापर्यंत त्याने “मी तलवार मारतंय” याखेरीज काहीही केले नाही.

चूक गणिताची होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. लक्ष्य, म्हणजे गाठायचा आकडा, 15 आणि पात्राच्या अंगच्या गुणांमुळे फाशात मिळवायची भर +5 असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा अधिक यावे लागतात. म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. एका फाशापुरती ती ठीक आहे, पण असे चार फासे ओळीने जिंकायचे म्हटले तर ती जेमतेम 9 टक्क्यांवर येते. 15 हे लक्ष्य पुस्तकात ‘मध्यम’ म्हणून दिलेले आहे. मी मात्र फासे वाढवत वाढवत मध्यम कठीण असलेली गोष्ट जवळपास अशक्य करून ठेवली होती, आणि तीही त्या संध्याकाळच्या सर्वांत कल्पक खेळाडूसाठी.

आता असे लांबलचक वाक्य आले की मी प्रथम एवढेच विचारतो की शेवटी त्याला काय साधायचे आहे. मग ते वाक्य टर्नच्या घटकांत वाटतो. एक फेरी म्हणजे खेळातले सहा सेकंद. त्यात प्रत्येकाला त्याच्या वेगाइतकी चाल, एक ॲक्शन (हल्ला किंवा तसेच एखादे मुख्य काम) आणि एखाद्या वस्तूची किरकोळ हाताळणी एवढे मिळते, आणि पूर्ण फेरीत मिळून एक रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला झटकन दिलेले उत्तर. बोनस ॲक्शन ही सर्वांना मिळणारी ‘छोटी ॲक्शन’ आहे, असा नवख्यांचा हमखास गैरसमज असतो. एखाद्या गुणाने किंवा मंत्राने ती दिली असेल तरच ती असते, एरवी नसते.

मित्राचे तेच वाक्य आज मी असे तोडले असते. दोरापर्यंत 10 फूट आणि झोक्याचे 15, मिळून 25 फूट. त्याचा वेग 30 असल्यामुळे हे सगळे चालीत बसते. धावण्याला फासा नाही, कारण तिथे अडखळल्याने गोष्टीला नवे वळण मिळत नाही. झोक्याला एक ॲक्रोबॅटिक्सचा (चपळाईचा) चेक, म्हणजे फाशाची कसोटी, लक्ष्य 10, कारण हा माणूस डोलकाठीवर वाढलेला आहे असे त्याने पात्र लिहितानाच सांगितले होते. लाथ म्हणजे नियमांतला धक्का: एका हल्ल्याच्या बदल्यात देता येतो, त्याचा ॲथलेटिक्सचा (ताकदीचा) चेक विरुद्ध तांडेलाचा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्सचा चेक, आणि जिंकल्यास समोरचा 5 फूट मागे जातो. तांडेल कठड्याच्या चौकोनात उभा होता, म्हणजे तेवढे पुरे. (2024 च्या नियमांत ही लढत नाही, धक्का खाणारा सेव्ह करतो, म्हणजे बचावाचा फासा टाकतो.)

किल्ली मात्र या टर्नमध्ये बसत नाही. शत्रूच्या कमरेची वस्तू काढणे ही किरकोळ हाताळणी नव्हे. त्याला स्वतंत्र ॲक्शन लागते. तिसऱ्या पातळीचा ‘थीफ’ (चोर) असता तर ते बोनस ॲक्शनमध्ये जमले असते, पण हा पडला फायटर (लढवय्या). अशा वेळी नकार देण्याऐवजी मी निवड पुढे करतो: धक्का की किल्ली? शिवाय निर्णयापूर्वी धोकाही उघड सांगतो, की शेजारच्या खलाशाच्या टप्प्यातून बाहेर पडताच तो आपली रिॲक्शन वापरून एक वार करील. पात्राला समोर दिसणारी गोष्ट खेळाडूपासून लपवण्यात मला काही हुशारी वाटत नाही.

झोका चुकला तर काय, हे फासा टाकण्यापूर्वीच ठरवून सांगावे; माझा सर्वाधिक फायदा या सवयीने झाला आहे. माझ्याकडे चुकलेला झोका म्हणजे गेलेला टर्न नसतो. तो तांडेलापाशी पोहोचतो, पण आडवा पडतो. उठायला अर्धा वेग, म्हणजे 15 फूट लागतात आणि त्याच्याकडे 5 फूटच उरलेले असतात, म्हणून पडल्या पडल्या हल्ला केल्यास डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. धक्का हा हल्ल्याचा फासा नसल्याने त्याला तो नियम थेट लागत नाही. मी तरी लावतो, आणि तसे वहीत लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी हाच निकाल माझ्या काजूच्या बियांनाही लागू होतो.

निकाल एका मिनिटात द्यावा. पुस्तक चाळणे चहाच्या वेळी करावे. पडवीत वीज गेली की तसेही काही वाचता येत नाही.

गेल्या जुलैत मी त्याच मित्राला तोच प्रसंग पुन्हा खेळायला दिला. त्याने धक्का निवडला, जिंकला, आणि तांडेल किल्लीसकट समुद्रात गेला. पोहताना प्रत्येक फुटाला एक फूट जादा खर्च होतो, म्हणजे 30 चे 15 झाले. कॉन्स्टिट्यूशनची (काटकपणाची) भर +1 असल्याने दम दोन मिनिटे, म्हणजे वीस फेऱ्या. त्याने वहीत वीस रेघा ओढल्या आणि उडी मारली.